कानाच्या ऑपरेशनमधलं नेव्हिगेशन: स्क्रीनवरचा आकडा नाही, हाडावरची चूक मोजा

सायनससाठी घेतलेलं नेव्हिगेशन मशीन, म्हणजे हातातलं हत्यार कुठं आहे ते पेशंटच्या सीटीवर दाखवणारं मशीन, आता कानासाठीही वापरायला लागलेत लोक, आणि ते चांगलंच आहे, पण नाकाचे नियम कानाला लावून चालत नाही. नाकात २ मिमीच्या आत दाखवलं की मशीन बरोबर आहे असं धरतात. कानात आपण ज्या वाटेने कॉक्लियाकडे (ऐकण्याच्या शंखाकडे) जातो ती फेशियल रिसेसची वाटच मुळात २ ते ३ मिमी रुंद. एका बाजूला चेहरा हलवणारी फेशियल नर्व्ह, दुसऱ्या बाजूला जिभेला चव देणारी कोर्डा टिंपनी. म्हणजे मशीन २ मिमी चुकली तर स्क्रीनवर बर (ड्रिलचं फिरतं टोक) वाटेच्या मधोमध दिसेल आणि प्रत्यक्षात तो नर्व्हवर असेल, आणि पेशंट उठेल तो वाकडं तोंड घेऊन.

हे लिहितोय ते वर्धा, यवतमाळ, चंद्रपूर, गडचिरोलीकडे काम करणाऱ्या ईएनटीच्या पोरापोरींसाठी, ओटी टेक्निशियनसाठी, आणि सीटी काढणाऱ्या मंडळींसाठीही, कारण अर्धी अचूकता तर सीटीच्या टेबलावरच ठरून जाते. आपल्याकडे कान उशिरा येतो. "साहेब, शाळेत होतो तेव्हापासून कान वायते" म्हणणारा माणूस चाळिशीत येतो, एक-दोनदा कुठंतरी ऑपरेशन झालेलं असते, आतली ओळखीची हाडं कोलेस्टिएटोमाने (हाड खाणाऱ्या कातडीच्या गाठीने) खाल्लेली असतात नाहीतर आधीच्या सर्जनने ड्रिल केलेली असतात. अशा कानात नेव्हिगेशनचा खरा उपयोग आहे, आणि अशाच कानात चुकीचा भरवसा सगळ्यात महाग पडतो.

स्क्रीनवरचा आकडा नेमका काय सांगतो

हे आधी नीट समजून घ्या, बाकी सगळं याच्यावरच उभं आहे.

सीटीवरही आणि पेशंटवरही सापडतील अशा खुणा म्हणजे मार्कर, आणि त्यांच्यावर टेकवायची सळई म्हणजे प्रोब. चुका तीन प्रकारच्या. पहिली एफएलई, म्हणजे मार्करचा मध्य शोधताना होणारी चूक, सीटीवर क्लिक करताना थोडी आणि पेशंटवर प्रोब टेकवताना थोडी. दुसरी एफआरई, म्हणजे मशीनने सीटीतले मार्कर आणि पेशंटवरचे मार्कर एकमेकांवर बसवले (यालाच रजिस्ट्रेशन म्हणतात) तेव्हा जी फट उरली ती. तिसरी टीआरई, म्हणजे आपल्याला जिथं काम करायचं तिथं, समजा राउंड विंडोपाशी (कॉक्लियाच्या छोट्या खिडकीपाशी), मशीन किती चुकते ती. आपल्याला पाहिजे टीआरई. बऱ्याच मशीन रजिस्ट्रेशन झाल्यावर जो आकडा दाखवतात तो असतो एफआरई किंवा त्याच्याच जवळपासचं काहीतरी.

आता गंमत नाही, हिशोब बघा. एफआरईचा वर्ग म्हणजे एफएलईचा वर्ग गुणिले (१ वजा (२ भागिले मार्करची संख्या)). समजा मार्कर शोधण्याची चूक १ मिमी आहे. ३ मार्कर घेतले तर स्क्रीनवर सरासरी ०.५८ च्या आसपास येईल. ६ घेतले तर ०.८२. म्हणजे मार्कर वाढवले तर स्क्रीनवरचा आकडा वाईट दिसायला लागला! पण त्याच वेळी मार्करच्या मधोमध असलेल्या जागी खरी चूक ३ मार्करला ०.५८ होती ती ६ मार्करला ०.४१ झाली, म्हणजे काम सुधारलं. म्हणून कोणी म्हटलं का "सर तो एक मार्कर काढून टाका, आकडा मस्त येऊन राहिला", तर काढू नका. मार्कर खरंच सरकला, निघाला, पाण्याने सैल झाला असेल तरच काढा आणि तसं नोंदवा. नुसता आकडा छान दिसावा म्हणून काढलेला मार्कर टार्गेटवरची चूक वाढवू शकतो आणि स्क्रीन तुम्हाला त्याच्याबद्दल काहीच सांगणार नाही.

दुसरी गोष्ट अंतराची. फिट्झपॅट्रिक, वेस्ट आणि मॉरर यांनी १९९८ मध्ये याचं सूत्र मांडलं, त्याचा अर्थ असा का टार्गेट मार्करच्या घोळक्यापासून जितकं लांब तितकी चूक वाढते. शेताच्या मोजणीसारखंच आहे हे, सगळे दगड धुऱ्याच्या एकाच टोकाला असतील तर दुसऱ्या टोकाची हद्द कशी बरोबर येईल. आकड्यात सांगायचं तर वरचेच ६ मार्कर, १ मिमी चूक, मार्कर आपल्या मध्यापासून साधारण ४० मिमी पसरलेले आणि टार्गेट ८० मिमी लांब, तर ०.४१ ची चूक ०.९ च्या वर जाते. सायनसची सवय असलेले लोक कपाळावर, गालावर, नाकावर लेझर फिरवून रजिस्ट्रेशन करतात, आणि कान त्या सगळ्यापासून मागं आणि बाजूला. नाकात जे मशीन छान चालते तेच कानात का घसरते याचं मोठं कारण हे आहे.

तिसरं, सरासरीवर जाऊ नका. कंपनी जो आकडा देते तो बहुतेक आरएमएस, म्हणजे चुकांच्या वर्गांच्या सरासरीचं वर्गमूळ, असतो. चूक सगळ्या दिशांना सारखी पसरली असं धरलं तर ९५ टक्के वेळा ती आरएमएसच्या १.६ पटीच्या आत राहते. म्हणजे १ मिमीची मशीन वीसातून एकदा १.६ च्याही पुढं जाऊ शकते. तो विसावा पेशंट पण कोणाचा तरी बाप आहे, कोणाची तरी माय आहे.

मग किती पाहिजे? स्वित्झर्लंडमध्ये बर्नच्या टीमने कॉक्लियर इम्प्लांटसाठी (बहिऱ्या कानात बसवायच्या ऐकण्याच्या यंत्रासाठी) रोबोट बनवला, १.८ मिमीचं एकच छिद्र कानाच्या मागून सरळ कॉक्लियापर्यंत, त्याचा पेशंटवरचा पहिला रिपोर्ट २०१७ मध्ये आला. त्यांनी आधी कॅडॅव्हरवर (मृतदेहावर) जी चूक मोजली ती टार्गेटवर ०.१५ मिमीच्या आसपास होती. तेवढं करायला त्यांनी हाडातले स्क्रू, खास कॅमेरा, नर्व्ह मॉनिटरिंग, मध्येच परत सीटी, सगळं लावलं. आपल्याकडची नेहमीची मशीन हातात धरलेल्या ड्रिलबरोबर ते करू शकत नाही, आणि करायचंही नाही. आपण डोळ्याने, मायक्रोस्कोपने आणि नर्व्ह मॉनिटरने ऑपरेशन करतो आणि नेव्हिगेशनला विचारतो का मी साधारण बरोबर गल्लीत आहे ना. त्याच्यासाठीही टार्गेटजवळ १ मिमीच्या आत पाहिजेच.

कोणत्या कानाला लावायचं

साध्या सेफ कानाला, म्हणजे पडद्याला छिद्र आणि बाकी सगळं जागेवर, नेव्हिगेशनची गरज नाही. उगाच अर्धा तास जातो आणि पेशंटला जास्त रेडिएशन. लावा ते रिव्हिजन मास्टॉइडला, म्हणजे कानामागच्या हाडाच्या परत करायच्या ऑपरेशनला, जिथं लॅटरल कॅनाल, इन्कस या ओळखीच्या खुणा काहीच उरल्या नाहीत, जन्मतः कानाचं भोकच नाही अशा अट्रेसियाला, पेट्रस एपेक्सच्या (कानाच्या हाडाच्या आतल्या टोकाच्या) आजाराला, मेंदूज्वरानंतर कॉक्लियात हाड भरलं अशा इम्प्लांटला, आतल्या कानाची घडणच वेगळी असलेल्या लेकराला. सरकारच्या एडिप योजनेतून किंवा इतर कुठून इम्प्लांट मिळालेलं लेकरू असलं तर इम्प्लांट परत मिळणार नाही, इलेक्ट्रोड एकदाच बसवायचा आहे, तिथं तयारीत कंजूषी नको.

हाडाचा एक मोठा फायदा आहे, तो विसरू नका. मेंदूच्या ऑपरेशनमध्ये कवटी उघडली का मेंदू सरकतो आणि सीटी-एमआरआय जुना होऊन जातो. टेम्पोरल बोन, म्हणजे कान ज्यात बसलाय ते हाड, सरकत नाही. म्हणजे कानात मशीन चुकली तर दोष जवळपास नेहमी आपल्या तयारीत असतो, आणि तयारी सुधारता येते.

सीटी

सगळ्यात जास्त भांडण इथं होते. पेशंट गावाहून फिल्म घेऊन येतो, कधी मोबाईलवर फिल्मचा फोटो. फिल्मवर निदान होते, नेव्हिगेशन होत नाही. सीडी आणली तरी त्यात बरेचदा जेपीजी चित्रं असतात नाहीतर ५ मिमीचे जाड स्लाइस. त्याच्यावर मशीन चालते, स्क्रीनवर चित्र पण सुंदर दिसते, पण मधलं हाड मशीनने अंदाजाने भरलेलं असते. असा डेटा लोड करूच नका.

स्कॅन सेंटरला चिठ्ठी द्या, तोंडी सांगू नका. चिठ्ठीवर मी हे लिहितो: नेव्हिगेशनसाठी सीटी, स्लाइस ०.६ मिमी किंवा त्याहून पातळ आणि मध्ये गॅप नाही, गॅन्ट्री टिल्ट शून्य (सीटीची रिंग तिरकी नको), डोक्याच्या वरपासून मास्टॉइडच्या टोकाच्या खालपर्यंत, दोन्ही कान आणि सगळे मार्कर चित्रात, बोन आणि सॉफ्ट दोन्ही रिकन्स्ट्रक्शन, पूर्ण डायकॉम डेटा (सीटीच्या मूळ फाईल) पेनड्राइव्हवर. ही चिठ्ठी छापून ठेवा आणि खाली तुमच्या ओटीचा नंबर द्या, म्हणजे टेक्निशियनला शंका आली तर तो विचारेल.

फील्ड ऑफ व्ह्यूचा गोंधळ होतो. कानाचा सीटी म्हटला का टेक्निशियन एका कानावर झूम करतो, १०० मिमीचं फील्ड ५१२ पिक्सेलमध्ये म्हणजे पिक्सेल ०.२ मिमीचा, बघायला एकदम मस्त. पण कपाळ, दुसरी बाजू, मार्कर सगळे कापले जातात. २५० मिमीचं फील्ड घेतलं तर पिक्सेल ०.४९ मिमीचा होतो, पण सगळं आत येते. नेव्हिगेशनला दुसरा पाहिजे. एकाच स्कॅनमधून दोन्ही बनवता येतात, पेशंटला परत झोपवायची गरज नसते, फक्त टेक्निशियनला, त्याने रॉ डेटा मशीनवरून पुसायच्या आधीच, सांगितलं पाहिजे.

लेकरू हललं तर स्कॅन परत करा. थोडंसंच हललं, चालते, असं म्हणू नका. कानाच्या कडांवर दुहेरी रेघ दिसली का समजा हललं.

मार्कर कुठं, कसले

चिकटवायचे मार्कर सोपे आहेत आणि आपल्या हवेत सगळ्यात बेभरवशाचे. मे महिन्यात चंद्रपूर-वर्ध्याकडे पारा ४५ च्या घरात, माणूस सीटी काढून एसटीने येतो, घामाने स्टिकर सुटतो, तो बिचारा स्वतःच परत चिकटवतो कारण त्याला वाटते पडलं तर डॉक्टर रागावतील. म्हणून स्टिकर लावायचे असतील तर पेशंट भरती झाल्यावरच, सीटी त्याच सकाळी, आणि प्रत्येक स्टिकरभोवती स्किन मार्करने गोल काढा म्हणजे सरकला तर दिसेल. पेशंटला आणि सोबतच्या माणसाला दोघांनाही सांगा का निघाला तर हात लावू नका, सांगा फक्त, कोणी रागावणार नाही.

कातडी सरकते हे तर वेगळंच. डोकं रिंगवर ठेवलं का मागची कातडी दाबून काही मिमी सरकते. ट्यूब बांधायची चिकटपट्टी गाल ओढते. आणि सगळ्यात मोठं, कानामागं झायलोकेन-ॲड्रिनलिन टोचलं का कातडी फुगते. म्हणून कातडीवरचं कुठलंही रजिस्ट्रेशन असेल, स्टिकर असो का लेझर, ते टोचण्याच्या आधी. सवयीने सिस्टर ट्रे पुढं करते, तेव्हा थांबा म्हणा.

दाताच्या साच्यावर मार्कर बसवायची पद्धत चांगली आहे, वरचे दात कवटीला पक्के असतात आणि साचा काढून परत तसाच बसतो. पण आपल्याकडे खर्ऱ्याने (तंबाखू-सुपारीने) तोंडच उघडत नाही अशी माणसं भरपूर, तरुण पोरंसुद्धा, आणि हलणारे दात. आधी तोंड उघडून बघा, बोटं किती जातात ते बघा, मगच साच्याचा विचार करा.

माझी पसंती हाडातल्या स्क्रूला. जबड्याच्या प्लेटसाठी जे बारीक टायटॅनियम मिनी स्क्रू वापरतात, १.५ मिमीचे सेल्फ-ड्रिलिंग, तेच. महाग नाहीत आणि तुमच्याच हॉस्पिटलच्या डेंटल किंवा प्लास्टिक विभागात मिळून जातात. मोठ्या माणसाला भूल न देता कातडी बधिर करून बसवता येतात. एक झायगोमाच्या मुळाशी, एक कानाच्या वर टेम्पोरल रेषेच्या आसपास, एक मागं सिग्मॉइडच्या (कानामागच्या मोठ्या शिरेच्या) मागच्या हाडावर, एक मास्टॉइडच्या टोकाजवळ, जमलं तर आणखी एक-दोन. एका रेषेत नको, एका पातळीत नको, आणि टार्गेट त्यांच्या घेऱ्यात आलं पाहिजे. तुम्ही जिथं ड्रिल करणार त्या जागेच्या बाहेर ठेवा, नाहीतर अर्ध्या ऑपरेशनमध्ये स्क्रूच उडून जाईल. लहान मुलांचं हाड पातळ असते, आधीचा सीटी बघितल्याशिवाय स्क्रूची लांबी ठरवू नका, आणि फार लहान लेकरात हा मार्गच टाळा.

स्क्रू हाडात पक्का बसलाय का ते प्रोबने हलवून बघा. हलला तर काढा आणि शेजारी दुसरा लावा, तेवढ्यात भागवू नका.

मशीनची परीक्षा आधी निर्जीव हाडावर

पेशंटवर जायच्या आधी तुमच्या मशीनची, तुमच्या कॅमेऱ्याची, तुमच्या हाताची चूक तुम्हाला माहीत पाहिजे. दुसऱ्या हॉस्पिटलचा आकडा तुमच्या कामाचा नाही. ही परीक्षा करायला एक प्लास्टिकची कवटी किंवा ॲनाटॉमी विभागातून परवानगीने मिळालेली सुकी कवटी, थोडे स्क्रू, एक सीटी आणि एक दुपार लागते.

कवटीच्या एका कानाभोवती ६ स्क्रू वर सांगितल्यासारखे लावा, हे रजिस्ट्रेशनचे. मग मास्टॉइड ड्रिल करून आत, जितकं खोल जाता येईल तितकं, आणखी ४-५ स्क्रू लावा, एक तरी राउंड विंडोच्या आसपास. हे आतले टार्गेट. नियम एकच, टार्गेटचा स्क्रू रजिस्ट्रेशनला वापरायचा नाही, नाहीतर परीक्षेचा पेपर आधीच फोडल्यासारखं होईल. नेहमीच्याच सेटिंगने सीटी काढा. मशीनवर लोड करून तिन्ही प्लेनमध्ये झूम करून प्रत्येक स्क्रूचा मध्य खूण करा. इथं सीटी बघायची विंडो (काळ्या-पांढऱ्याचा पट्टा) रुंद ठेवा, ४००० च्या आसपास, नाहीतर धातू फुगलेला दिसतो आणि मध्य चुकतो.

मग कवटी टेबलावर पक्की बांधा, रेफरन्स (डोक्याला लावायची खूण, जिच्यावरून मशीन डोक्याची जागा ओळखते) लावा, ६ स्क्रूवर रजिस्ट्रेशन करा आणि आतल्या टार्गेटवर प्रोबचं टोक टेकवा, स्क्रूच्या डोक्यातल्या खाचेत. मशीन टोकापासून खुणेपर्यंतचं अंतर दाखवत असेल तर ते लिहा. दाखवत नसेल तर दोन्हीचे एक्स, वाय, झेड लिहा, तिन्ही फरकांचे वर्ग करा, बेरीज करा, वर्गमूळ काढा. मोबाईलवर एक्सेलमध्ये एकदा शीट बनवली का पोरं स्वतःच भरतात. हे सगळं रजिस्ट्रेशन पुसून परत करा, निदान ५ वेळा, आणि एकाच माणसाने नाही. ज्युनिअर रेसिडेंटने करावं, टेक्निशियनने करावं. प्रत्येक वेळी स्क्रीनवरचा आकडा शेजारच्या रकान्यात लिहा. थोड्या वेळातच दिसायला लागते का स्क्रीनचा आकडा आणि टार्गेटची चूक एकमेकांचं ऐकत नाहीत, चांगल्या आकड्याच्या दिवशी चूक जास्त येऊ शकते. हे एकदा स्वतःच्या हाताने लिहिलं का मग कोणी सांगायची गरज राहत नाही.

शेवटी सरासरी काढा, आणि सगळ्यात मोठी चूक कोणती ते वेगळं लिहून मशीनवर कागद चिकटवा. ही कवटी आहे, तिला कातडी नाही, रक्त नाही, श्वास नाही. म्हणजे पेशंटवर याच्यापेक्षा चांगलं येणार नाही. कवटीवरच सगळ्यात मोठी चूक १ मिमीच्या वर असेल तर ही मशीन सध्या कानाला वापरू नका, कंपनीच्या इंजिनिअरला बोलवा. वेळ असेल तर त्याच कवटीवर मुद्दाम बिघाड करून बघा, रेफरन्स थोडा ढिला करा, एक मार्कर सरकवा, आणि स्क्रीन काही बोलते का ते बघा. बरेचदा काहीच बोलत नाही.

ओटीत मांडणी

ऑप्टिकल, म्हणजे कॅमेऱ्याने बघणारी, मशीन असेल तर कॅमेरा सुरू करून थोडं गरम होऊ द्या, कंपनीने दिलेला वेळ पाळा. लाईट जाऊन जनरेटर लागतो तिथं यूपीएसशिवाय मशीन लावू नका, मध्येच बंद पडून परत सुरू झाली तर रजिस्ट्रेशन तपासल्याशिवाय पुढं जायचं नाही. कॅमेरा साधारण दीड ते दोन मीटरवर, आणि मायक्रोस्कोप आणि तुमचं स्वतःचं डोकं मध्ये येणार नाही अशा बाजूने. हे ड्रेपिंगच्या आधी मायक्रोस्कोप आणून प्रत्यक्ष बघा. कान ड्रिल करताना पाणी उडते, तो थेंब प्रोब आणि रेफरन्सवरच्या चमकणाऱ्या गोळ्यांवर बसला का कॅमेऱ्याला गोळ्याचा मध्य चुकीचा दिसतो. गोळे कोरडे पुसायला एक माणूस ठरवून ठेवा, रक्त सुकून बसलं तर गोळा बदला.

इलेक्ट्रोमॅग्नेटिक मशीनला नजरेची अडचण नाही, पण लोखंड चालत नाही. सेल्फ-रिटेनिंग रिट्रॅक्टर, मायक्रोस्कोपचा हात, ड्रिलची मोटर, ऑपरेशन टेबल, सगळे चुंबकीय क्षेत्र वाकवतात. रिट्रॅक्टर लावून आणि काढून एकाच जागी प्रोब टेकवा, आकडा हलला का तुम्हाला कळेल.

रेफरन्स ही सगळ्यात दुर्लक्षित वस्तू. डोक्याच्या पट्ट्यावर लावलेला रेफरन्स ड्रेप ओढताना किंवा असिस्टंटच्या कोपराने हलतो. कानापासून १०० मिमी दूर असलेला रेफरन्स फक्त १ अंश फिरला तरी कानाजवळ १.७ मिमीची चूक, म्हणजे सगळी मेहनत पाण्यात. म्हणून तो कवटीच्या हाडालाच छोट्या स्क्रूने लावा, कानाच्या जवळ पण कामात येणार नाही असा, आणि त्याच्यावर ड्रेपचा ताण येऊ देऊ नका. कानात डोकं वळवलेलं असते आणि टेबल आपण मध्ये मध्ये झुकवतो, रेफरन्स डोक्याला पक्का असेल तर झुकवायला हरकत नाही.

ॲनेस्थेशियाच्या डॉक्टरांशी आधीच बोला, नर्व्ह मॉनिटर लावायचा तर इंट्युबेशननंतर स्नायू ढिले ठेवणारं औषध चालू ठेवता येत नाही. नेव्हिगेशन आहे म्हणून मॉनिटर नको, हे मी कोणालाच करू देणार नाही. नेव्हिगेशन सांगते ते सीटीतलं जुनं चित्र, मॉनिटर सांगतो आत्ताची जिवंत नर्व्ह.

रजिस्ट्रेशन झालं, आता तपासा

प्रोबचं टोक वाकलेलं नाही ना ते आधी. ऑटोक्लेव्हमध्ये पडून वाकलेला प्रोब डोळ्याला सरळच दिसतो, कॅलिब्रेशनच्या खाचेत टेकवून फिरवा, टोकाचा बिंदू स्क्रीनवर जागेवर राहिला पाहिजे.

स्क्रूवर परत टेकवून खूश होऊ नका, ते तर जुळणारच, त्यांच्यावरच जुळवलंय. टेकवायचं ते रजिस्ट्रेशनला न वापरलेल्या हाडावर. चीर दिल्यावर हेन्लेचा काटा (कानाच्या भोकामागचा हाडाचा छोटा उंचवटा), मास्टॉइडचं टोक, झायगोमाची कड. तिन्ही प्लेनमध्ये बघा, एकात बरोबर आणि दुसऱ्यात हवेत असं होते बरेचदा. प्रोब हाडाला टेकलाय आणि स्क्रीनवर तो हाडाच्या बाहेर किंवा आत दिसतोय तर किती, ते अंदाजाने नाही, स्क्रीनच्या मोजपट्टीने मोजा.

मग ड्रिल सुरू करायच्या आधीची एक गोष्ट, जी मला सगळ्यात जास्त मोलाची वाटते. १ मिमीच्या बरने, जिथं ड्रिल करणार त्या खड्ड्याच्या बाहेरच्या हाडावर ३-४ बारीक टिंबं करा, वर, मागं, खाली. प्रत्येकात प्रोब टेकवून मशीनमध्ये पॉइंट सेव्ह करा. कारण हेन्लेचा काटा आणि बाकीच्या खुणा तुम्ही थोड्या वेळात उडवणार आहात, आणि तासाभराने मशीन सरकली का हे विचारायला काहीच उरणार नाही. ही टिंबं शेवटपर्यंत राहतात. ड्रेप हलला, टेबल झुकवलं, कोणी डोक्याला धक्का दिला, लाईट गेली, आणि नर्व्हजवळ जायच्या आधी तर दरवेळी, टिंबावर या. सेव्ह केलेल्या जागेपासून किती फरक आला ते बघा. फक्त एक लक्षात ठेवा, टिंबं रजिस्ट्रेशन नंतर बिघडलं का एवढंच सांगतात, मुळात बरोबर होतं का ते नाही. त्याच्यासाठी वरची तपासणी.

माझा हिशोब असा. ०.५ पर्यंत फरक, पुढं चला. ०.५ ते १, चालवा पण फक्त दिशा विचारायला. १ च्या वर, कारण शोधा आणि परत रजिस्ट्रेशन करा. परत करूनही १ च्या वरच, तर स्क्रीन बंद करा आणि नेहमीसारखं हाड ओळखत ऑपरेशन करा. बंदच करा, बाजूला चालू ठेवू नका, कारण चालू असली का नजर जातेच.

ड्रिल करताना

नेव्हिगेटेड ड्रिल वापरत असाल तर बर बदलला का दरवेळी कॅलिब्रेशन. बर थोडा जास्त बाहेर बसला तरी टोक मिलिमीटरने पुढं जाते आणि मशीनला ते माहीत नसते. आणि बरची जाडी डोक्यात ठेवा, मशीन टोक किंवा मध्य दाखवते पण कापतो तो बरच्या कडेने. ३ मिमीचा बर म्हणजे मध्यापासून कड १.५ मिमीवर. स्क्रीनवर नर्व्ह अजून २ मिमी लांब दिसत असली तर कड अर्ध्या मिमीवर आली, आणि मशीनची चूक त्याच्यात धरलीच नाही अजून. म्हणून नर्व्हजवळ लहान डायमंड बर, भरपूर पाणी, आणि ड्रिल थांबवून प्रोबने विचारायचं. फिरत्या बरने स्क्रीन बघत जायचं नाही.

खोल गेल्यावर जे सापडेल त्यावर परत तपासा. लॅटरल कॅनालचा घुमट, इन्कसचा छोटा पाय, राउंड विंडोचा कोनाडा. ही जागा टार्गेटच्या शेजारची, इथली चूक बाहेरच्या काट्यावरच्या चुकीपेक्षा जास्त खरी. रिव्हिजन कानात यातलं एकच काही सापडलं तरी तिथं थांबून मोजा. आणि डोळ्याला दिसणारं हाड आणि स्क्रीन यांचं जुळलं नाही तर हाडाचं ऐका.

ऑपरेशन नोटमध्ये लिहा: सीटीची जाडी, मार्कर कोणते आणि किती, स्क्रीनवरचा आकडा, तपासलेली हाडं आणि प्रत्येकावरची चूक, टिंबांवरचा फरक, मशीन शेवटपर्यंत वापरली का मध्येच बंद केली आणि का. स्क्रू काढले का तेही. सीटीचा पेनड्राइव्ह आणि या नोटची झेरॉक्स पेशंटच्या प्लास्टिक पिशवीत टाका, त्याच्या फाईलसोबत, कारण हा कान दोन-चार वर्षांनी कदाचित दुसऱ्याच गावात दुसऱ्याच डॉक्टरपुढं उघडेल आणि तेव्हा कोणतं हाड उरलंय हे त्याला तुमच्याकडूनच कळणार आहे. कवटीची परीक्षा मशीन एका ओटीतून दुसऱ्या ओटीत हलवली, कॅमेरा पडला, सर्व्हिसिंग झालं किंवा सॉफ्टवेअर बदललं का परत करा, आणि मशीनवरचा कागद बदला.